पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या पेशींचं नेमकं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोळी कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर, हात जास्त थरथरला तर डोस वाढवायचा का, हे सगळं न्यूरॉलॉजिस्टना विचारून होतं. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर रिक्षाची वाट बघताना सुचतात ते प्रश्न वेगळे असतात. या पेशी मुळात मरतात का? एवढं संशोधन चाललंय म्हणतात, ते आलंय कुठवर? इथे त्याच प्रश्नांची उत्तरं आहेत. डोसबद्दल इथे काही मिळणार नाही, त्यासाठी तुमचे डॉक्टरच.

मेंदूतल्या नेमक्या कुठल्या पेशी मरतात?

मेंदूच्या तळाशी, मध्यमेंदूत, ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ नावाचा छोटासा भाग आहे. मध्यमेंदू आडवा कापला की दोन्ही बाजूंना एकेक काळपट पट्टा दिसतो. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही, उघड्या डोळ्यांना दिसतो. हा काळेपणा न्यूरोमेलॅनिन या रंगद्रव्याचा. तान्ह्या बाळात तो नसतो, वयाबरोबर साचत जातो. पार्किन्सन्स झालेल्या माणसाच्या मेंदूचा तसाच काप शेजारी ठेवला तर तिथे पट्टा जवळजवळ पुसून गेलेला असतो. नुसता रंग उडालेला नसतो, तो रंग बाळगणाऱ्या पेशीच गेलेल्या असतात.

या पेशी डोपामिन तयार करतात आणि आपल्या लांब तंतूंमधून ते ‘स्ट्रायटम’ या भागात सोडतात. हालचाल सुरू करणं, तिचा वेग आणि आवाका ठरवणं हे त्यावर चालतं. दोन्ही बाजूंच्या मिळून अशा पेशी साधारण चार ते सहा लाख. अख्ख्या मेंदूत चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी आहेत, हे लक्षात घेतलं की एवढ्याशा घोळक्याच्या जाण्याने माणूस कसा जखडतो याचं नवल वाटतं.

फक्त याच पेशी मरतात असं मात्र नाही. वासाच्या, झोपेच्या, आतड्यांच्या आणि रक्तदाबाच्या नियंत्रणाशी संबंधित पेशींनाही हा आजार धरतो. म्हणूनच बद्धकोष्ठता किंवा उभं राहिल्यावर चक्कर ही ‘वेगळी दुखणी’ असतातच असं नाही.

हे सगळं कळलं कसं?

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा माणसांचं वर्णन लिहिलं. त्यातली काही तर त्यांनी रस्त्यावर जाता-येता पाहिलेली. दोष मेंदूत कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. १९१२ मध्ये फ्रिट्झ ल्युई यांना अशा रुग्णांच्या चेतापेशींमध्ये गोल गुठळ्या दिसल्या. त्यांनाच आज ल्युई बॉडी म्हणतात. १९१९ मध्ये पॅरिसमध्ये कॉन्स्टँटिन ट्रेटियाकॉफ यांनी प्रबंधात दाखवलं की मूळ बिघाड सबस्टॅन्शिया नायग्रात आहे. त्यावर लगेच कुणी फारसा विश्वास ठेवला नाही.

पुढचा धागा आपल्याकडून जातो. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने उच्च रक्तदाब उतरतो, हे १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. त्यानंतर जगाचं लक्ष या वनस्पतीकडे गेलं आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिलं. रेसरपिन चेतापेशींमधला डोपामिनचा साठा रिकामा करतं, त्यामुळे ससे जागच्या जागी निपचित झाले. मग त्यांना डोपा (ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं ते द्रव्य) टोचल्यावर ते पुन्हा हिंडूफिरू लागले. साल १९५७. या कामासाठी कार्लसन यांना २००० चं नोबेल मिळालं. रक्तदाबासाठी रेसरपिन घेणाऱ्या काही रुग्णांमध्येही पार्किन्सन्ससारखी लक्षणं दिसत होती, त्याचाही उलगडा झाला.

१९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिएविच आणि एरिंगर यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तर स्ट्रायटममधलं डोपामिन जवळजवळ आटलेलं. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडाने, हळूहळू वाढवत, मोठ्या मात्रेत डोपा देऊन दाखवलं. आजची गोळी ही तिथूनच आली.

माझं मत विचाराल तर लेव्होडोपाच्या, म्हणजे आजच्या गोळीतल्या डोपाच्या, या घवघवीत यशामुळे एक तोटाही झाला. डोपामिन भरून काढता येतंय म्हटल्यावर ‘पेशी मरतेच का’ हा प्रश्न बरीच वर्षं मागच्या बाकावर बसला.

एवढ्या पेशी असताना नेमक्या याच का?

संशोधनातला सगळ्यात रंजक प्रश्न हाच आहे. एका वाक्यात सांगायचं तर या पेशींवर कामाचा बोजा अवाढव्य आहे.

जपानी शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये उंदराच्या अशा एकेका पेशीचा तंतू फांद्यांसकट मोजला. एकाच पेशीच्या सगळ्या फांद्यांची लांबी मिळून सरासरी अर्ध्या मीटरच्या आसपास भरली, आणि उंदराचा मेंदू जेमतेम दोन सेंटिमीटरचा! माणसात अशा एका पेशीची जोडणीची टोकं दहा लाखांच्या वर असावीत असा अंदाज आहे. गावच्या एकाच वायरमनच्या गळ्यात अख्ख्या जिल्ह्याची कनेक्शनं मारावीत, तसला हा प्रकार. प्रत्येक टोकाला ऊर्जा पुरवायची, तिथली जुनी प्रथिनं काढायची, नवी धाडायची.

त्यात या पेशी स्वस्थ बसत नाहीत. बाहेरून इशारा नसतानाही त्या ठरावीक लयीत स्पंदत राहतात आणि दर स्पंदनाबरोबर कॅल्शियम आत घेतात. ते उपसून बाहेर काढायलाही ऊर्जा लागते. आणि डोपामिन स्वतःही गरीब रसायन नव्हे. ते पेशीत मोकळं पडलं तर ऑक्सिडाइझ होऊन घातक रूपं घेतं.

शेजारीच, अगदी लागून, डोपामिन बनवणाऱ्या दुसऱ्या पेशींचा गट आहे. त्यांचा फांद्यांचा पसारा लहान आहे आणि त्या या आजारात बऱ्याच प्रमाणात टिकतात. म्हणजे नुसतं ‘डोपामिनमुळे मरतात’ म्हणून भागत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या गटाने मृत व्यक्तींच्या मेंदूतल्या एकेका पेशीतली कार्यरत जनुकं वाचली. डोपामिन पेशींचे दहा उपप्रकार निघाले आणि त्यातला एक सर्वांत जास्त मेलेला आढळला.

कॅल्शियमच्या मुद्द्यावरून, पेशीत शिरणारं कॅल्शियम अडवणारं रक्तदाबाचं इस्राडिपिन हे औषध ३३६ रुग्णांवर ३ वर्षं वापरून पाहिलं गेलं. फरक पडला नाही. प्रयोगशाळेत पटलेलं कारण माणसात उतरवताना घोडं वारंवार पेंड खातं, हे पुढेही दिसेल.

मायटोकॉन्ड्रियाचा काय संबंध?

मायटोकॉन्ड्रिया पेशीत ऊर्जा तयार करतात. त्यांच्याकडे पहिलं बोट वळलं ते एका विचित्र प्रकरणामुळे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी माणसं अचानक लाकडासारखी ताठरून रुग्णालयात आली. बोलता येईना, हलता येईना. डॉ. विल्यम लँग्स्टन यांनी शोध घेतला तेव्हा कळलं की त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं अशुद्ध द्रव्य होतं. ते मेंदूत गेल्यावर त्याचं एका विषात रूपांतर होतं. डोपामिन पेशी डोपामिन परत आत ओढण्यासाठी जी वाट वापरतात, त्याच वाटेने हे विष आत शिरतं आणि मायटोकॉन्ड्रियातली ऊर्जानिर्मितीची पहिलीच पायरी बंद पाडतं.

मग जनुकांनी दुजोरा दिला. १९९८ मध्ये जपानमध्ये ‘पार्किन’ आणि २००४ मध्ये युरोपीय कुटुंबांच्या अभ्यासातून ‘पिंक-१’ ही जनुकं सापडली. ती बिघडली की कमी वयात पार्किन्सन्स होतो. दोन्ही जोडीने काम करतात: पिंक-१ नादुरुस्त मायटोकॉन्ड्रियावर गोळा होतं, पार्किनला बोलावतं, पार्किन त्यावर खूण करतं आणि पेशी तो मायटोकॉन्ड्रिया मोडीत काढते. ही व्यवस्था कोलमडली की खराब मायटोकॉन्ड्रिया साचत जातात.

शेतातल्या फवारणीमुळे पार्किन्सन्स होतो का?

संबंध दिसतो, एकेका माणसाबद्दल खात्रीने सांगता येत नाही. रोटेनोन हे कीटकनाशक मायटोकॉन्ड्रियाची तीच पायरी अडवतं. पॅराक्वाट हे तणनाशक पेशीत ऑक्सिडेशनचा ताण वाढवतं. २०११ मध्ये अमेरिकेत फवारणीचं काम करणाऱ्यांच्या अभ्यासात, या दोन्हींपैकी एक वापरलेल्यांमध्ये पार्किन्सन्सचं प्रमाण सुमारे अडीचपट आढळलं. युरोपीय संघात पॅराक्वाटला २००७ पासून बंदी आहे. आपल्याकडे ते तणावर सर्रास मारलं जातं, तेही अनेकदा उघड्या हातांनी आणि तोंडाला नुसता रुमाल बांधून. फवारणाऱ्या सगळ्यांना पार्किन्सन्स होत नाही, पण हातमोजे आणि मास्क घालायला पुराव्याची वाट कशाला बघायची?

अल्फा-सायन्युक्लिन म्हणजे काय? सगळ्या बातम्यांत तेच नाव असतं.

१४० अमिनो आम्लांचं हे छोटं प्रथिन आपल्या सगळ्यांच्या मेंदूत असतं. चेतापेशीच्या टोकाशी, रसायनांच्या पुटिकांजवळ (सूक्ष्म पिशव्यांजवळ) ते काम करतं. १९९७ मध्ये इटलीतल्या काँतुर्सी गावातून आलेल्या एका मोठ्या कुटुंबात आणि काही ग्रीक कुटुंबांत याच प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराचा बदल सापडला. त्याच वर्षी केंब्रिजच्या गटाने दाखवलं की ल्युई बॉडी मुख्यतः याच प्रथिनाच्या गुंत्याने बनलेल्या असतात. २००३ मध्ये तर एका अमेरिकन कुटुंबात हे जनुक बिघडलेलं नव्हतं, नुसतं जादा झालेलं होतं, आणि तेवढ्यानेच आजार झाला. प्रथिन जास्त बनलं तरी घात होतो.

ते चुकीच्या घडीत दुमडतं, एकाला एक चिकटत लांब धागे बनतात. २०२२ मध्ये रुग्णांच्या मेंदूतल्या या धाग्यांची अणूंच्या पातळीवरची रचनाही दिसली.

इथपर्यंत ठीक. पण ल्युई बॉडी ही गुन्हेगार आहे की पेशीने घातक प्रथिन एका कोपऱ्यात बांधून ठेवायची केलेली धडपड, यावर एकमत नाही. कित्येकांचा संशय गुठळीपेक्षा तिच्याआधीच्या छोट्या, सुट्या झुबक्यांवर आहे. शिवाय पार्किन जनुक बिघडलेल्या अनेक रुग्णांमध्ये पेशी मरतात, पण ल्युई बॉडी सापडतच नाहीत. एकाच नावाखाली एकाहून अधिक आजार असावेत, हे मला यातून सर्वांत जास्त पटतं.

हा आजार पेशीतून पेशीत पसरतो म्हणतात. मग संसर्गजन्य आहे का?

नाही. एकत्र जेवण्याने, सेवा करण्याने, रक्त लागण्याने तो होत नाही.

मेंदूच्या आत मात्र पसरत असावा. जर्मनीतल्या हायको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडलं की ल्युई बॉडी आधी मेंदूच्या देठात खाली आणि वासाच्या केंद्रात दिसतात, मग सबस्टॅन्शिया नायग्रात, शेवटी मेंदूच्या बाह्यस्तरात. वास जाणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडत स्वप्नं ‘जगणं’ ही लक्षणं कंपाच्या कित्येक वर्षं आधी का येतात, ते यातून जुळतं. सगळ्याच रुग्णांत हा क्रम पाळला जात नाही. २००८ मध्ये याहून धक्कादायक गोष्ट पुढे आली. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्यांच्या मेंदूत गर्भातल्या निरोगी पेशींचं रोपण केलं होतं, अशा काही रुग्णांच्या शवविच्छेदनात त्या तरुण पेशींमध्येही ल्युई बॉडी सापडल्या. शेजारच्या आजारी पेशींकडून बिघडलेलं प्रथिन आलं असावं, हा त्याचा सर्वांत सरळ अर्थ.

लक्षणं दिसेपर्यंत किती पेशी गेलेल्या असतात?

‘साठ-सत्तर टक्के’ हा आकडा सगळीकडे फिरतो. नंतरच्या विश्लेषणांत पेशींचं नुकसान त्या वेळी तीस टक्क्यांच्या आसपास, आणि स्ट्रायटममधल्या तंतूंच्या टोकांचं त्याहून खूप जास्त असल्याचं दिसलं. म्हणजे टोकं आधी सुकतात, पेशीचं धड मागाहून मरतं. २०१३ मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास झाला, त्यात निदानानंतर चार वर्षांत स्ट्रायटमच्या महत्त्वाच्या भागातली टोकं जवळजवळ संपलेली आढळली, तरी पेशी काही प्रमाणात शिल्लक होत्या. पेशी वाचवणारं औषध कधी आलंच, तर ते लवकर द्यावं लागेल, असं शास्त्रज्ञ म्हणतात ते यामुळे.

भारतीयांच्या मेंदूत काही फरक आहे का?

बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९८ मध्ये यावर काम झालं. निरोगी भारतीय मेंदूंतल्या काळ्या पेशी मोजल्या, तर त्या ब्रिटिश मेंदूंच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरल्या. गंमत म्हणजे वयाबरोबर त्या घटतानाही दिसल्या नाहीत. पेशी मुळात कमी म्हणजे आजार जास्त, असं सरळ गणित यातून निघत नाही. नुसत्या संख्येपेक्षा त्या कशा टिकतात याला महत्त्व असावं, असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण मुंबईतल्या पारशी समाजाचं. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भरुचा आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत दर लाखामागे ३२८ रुग्ण आढळले, भारतातल्या इतर पाहण्यांपेक्षा बरेच जास्त. या समाजात वयस्कांचं प्रमाण मोठं आहे, हे त्यामागचं एक कारण.

सिंडोपा, म्हणजे लेव्होडोपा, लवकर सुरू केल्याने उरलेल्या पेशी मरतात का?

नाही. ही भीती मनात ठेवून लोक वर्षानुवर्षं हाल सोसतात, म्हणून जरा ठासून सांगतो. डोपामिन स्वतः घातक ठरू शकतं या कल्पनेतून ही शंका आली. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच, निम्म्यांना ४० आठवडे उशिरा लेव्होडोपा दिलं. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच होते. हा अभ्यास २०१९ चा. औषधाने आजार मंदावला नाही, आणि वाढलाही नाही. पुढे ‘ऑन-ऑफ’ (गोळीचा असर कधी असणं, कधी ओसरणं) सुरू होतं त्यात आजार किती पुढे गेलाय याचा मोठा वाटा असतो. मनाने गोळी बंद करू नका, अचानक बंद करणं धोक्याचं आहे.

मग कुहिलीचं बी का नको? त्यात नैसर्गिक डोपा असतं ना?

असतं. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा आहे हे भारतातच १९३७ मध्ये दाखवलं गेलं, आणि तिच्या चूर्णाच्या चाचण्याही झाल्या आहेत. परिणाम होतो, कारण रसायन तेच आहे. अडचण मात्रेची. दर पुडीत ते किती आहे ते सांगता येत नाही, आणि गोळीत कार्बिडोपा असतं तसं ते यात नसतं, त्यामुळे बरंचसं डोपा मेंदूत पोचायच्या आधीच खर्ची पडतं. गोळी चालू असताना वर चूर्ण घेतलं तर डोस दुप्पट होऊ शकतो. ‘आयुर्वेदिकच आहे, सांगायचं काय त्यात’ म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका. पेशींचं मरणं कुहिलीनेही थांबत नाही.

मेलेल्या पेशी स्टेम सेलने परत आणता येतील का?

मेलेली पेशी परत येत नाही. तिच्या जागी नवी रोवण्याचे प्रयत्न आता खरोखर माणसापर्यंत पोचले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. क्योटोत सात रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये, दात्याच्या पेशींपासून बनवलेल्या स्टेम सेलमधून (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडवता येतात त्या पेशींमधून) वाढवलेल्या डोपामिन पेशी रोवल्या. अमेरिका आणि कॅनडात बारा जणांवर वेगळ्या प्रकारच्या स्टेम सेल वापरून तसंच केलं. गाठी झाल्या नाहीत, स्कॅनमध्ये डोपामिन बनताना दिसलं, काहींच्या हालचालीत सुधारणा दिसली. हे लहान अभ्यास होते, मुख्यतः सुरक्षितता तपासण्यासाठी. शरीराने नव्या पेशी नाकारू नयेत म्हणून औषधंही द्यावी लागली.

याचं नाव घेऊन लाखो रुपये उकळणारे दवाखाने आपल्याकडे आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पार्किन्सन्ससाठी स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले की उठून या.

आजार थांबवणारं औषध अजून का नाही?

अल्फा-सायन्युक्लिनला पकडणारी दोन प्रतिपिंडं २०२२ मध्ये मुख्य कसोटीत नापास झाली. त्यातलं एक कंपनीने २०२५ मध्ये पुढच्या टप्प्यात न्यायचं ठरवलंय. मधुमेहाच्या लिक्सिसेनाटाइडने २०२४ मध्ये छोटी आशा दाखवली, त्याच्याच जातकुळीतलं एक्झेनाटाइड २०२५ मध्ये मोठ्या चाचणीत फोल ठरलं. कोएन्झाइम क्यू-१० तर त्याआधीच बाद झालं होतं, तरी लोक ते महागामोलाचं घेत राहतात.

पेशी मरण्याच्या वाटा अनेक आहेत आणि आपण सगळ्या रुग्णांना एकाच वाटेवरचं औषध देऊन बघतोय, हे यामागचं एक मोठं कारण दिसतं. म्हणून बातमी वाचताना आधी एवढंच बघा: प्रयोग ताटलीतल्या पेशींवर झाला, उंदरावर झाला की माणसावर?

निदानाची नवी चाचणी आली आहे का?

आली आहे, पण अजून संशोधनापुरतीच जास्त. पाठीतलं पाणी काढून त्यात बिघडलेल्या अल्फा-सायन्युक्लिनचं ‘बीज’ आहे का ते बघतात. २०२३ मध्ये १,१२३ जणांच्या अभ्यासात तिने सुमारे ८८ टक्के रुग्ण ओळखले. एलआरआरके-२ या जनुकाचा दोष असलेल्यांत ती बरीच कमी पडली. पुन्हा तेच: सगळ्यांचा आजार एक नाही.

व्यायामाने पेशी वाचतात?

प्राण्यांमध्ये तसं दिसलंय. माणसात हालचाल सुधारते हे नक्की, पेशी वाचतात हे सिद्ध व्हायचंय. व्यायाम करा.

संशोधनासाठी मेंदूदान करता येतं का?

येतं. निम्हान्सची मेंदूपेढी १९९५ पासून आहे. पार्किन्सन्सच्या शुभार्थींइतकीच (रुग्णांइतकीच) तिथे निरोगी माणसाच्या मेंदूचीही गरज असते, कारण तुलना कशाशी करायची हा प्रश्न दर अभ्यासात येतो. म्हणजे सेवा करणारा शुभंकरही दाता होऊ शकतो. मृत्यूनंतर मेंदू शक्य तितक्या लवकर काढावा लागतो, त्यामुळे महाराष्ट्रातून ते कसं जमेल हे पेढीला आधीच विचारून घ्या. इच्छापत्र भरलं तरी प्रत्यक्षात होकार घरच्यांनाच द्यायचा असतो. मुलगा परदेशात असेल, सून नव्या शहरात असेल, तर दोघांनाही फोन करून सांगून ठेवा.